सत्तर सप्तकं आणि तो एक करार

मध्यपूर्वेत कुठल्याही दोन देशांनी कागदावर सह्या केल्या की माझ्या फोनवर एकच प्रश्न येतो : "हाच का तो करार?" १३ सप्टेंबर १९९३ला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्राएलचे राबीन आणि पॅलेस्टिनींचे अराफात यांनी हस्तांदोलन केलं, तेव्हा फोनवर संदेश येत नव्हते, पण प्रार्थनेनंतर लोक घोळक्यानं उभे राहून २०००पर्यंतची वर्षं बोटांवर मोजत होते. १५ सप्टेंबर २०२०ला अब्राहाम करार झाले तेव्हा तर नावातच अब्राहाम! मग काय विचारता.

प्रश्न ज्या वचनावरून येतो ते बायबलातलं दानीएल ९:२७. (सप्तक म्हणजे इथे सात वर्षांचा गट.) "तो" एक सप्तकभर पुष्कळांशी करार पक्का करील आणि सप्तकाच्या मध्यावर यज्ञ व अन्नबली बंद पाडील. आमच्या अभ्यासगटातल्या एका तरुणानं गेल्या आठवड्यात सरळच विचारलं, "काका, तुम्ही आयुष्यभर हिशेब तपासले. या सप्तकांचा हिशेब एकदाचा लावून टाका ना." मी लेखापरीक्षक होतो, हे खरं. त्याला तोंडी उत्तर देताना गाडी घसरत गेली, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी माझं मत सांगतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. सत्ताविसाव्या वचनातला करार हा राष्ट्राराष्ट्रांमधला शांततेचा तह नाही. देवाच्या करारात असलेल्या लोकांनीच तो करार सोडून दुसऱ्याशी केलेली ती हातमिळवणी आहे. आणि सत्तर सप्तकांची मिळून जी ४९० वर्षं होतात तो आकडा लेवीय पुस्तकातून आलेला आहे; त्याचा अर्थही तिथेच शोधायला हवा.

नववा अध्याय आपण बहुधा चोविसाव्या वचनापासून वाचायला घेतो, आणि तिथेच गडबड होते. अध्यायाची सुरुवात एका वाचकापासून होते. बाबेलात बंदिवान असलेला म्हातारा दानीएल यिर्मया संदेष्ट्याचं लिखाण उघडून बसला आहे. यिर्मयानं बाबेलच्या बंदिवानांना पत्र धाडलं होतं : घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर परमेश्वर तुमची दखल घेईल (यिर्मया २९). ते पत्र कोणत्या वातावरणात लिहिलं गेलं ते आदल्या अध्यायात दिसतं. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून लोकांना सांगत होता की दोन वर्षांत सगळं परत येईल, मंदिराची पात्रंसुद्धा. लोकांना अर्थातच हनन्या आवडला असणार. तो त्याच वर्षी मेला.

दानीएल हे वाचतो आणि काय करतो? आकडेमोड करत नाही. उपास, गोणताट, राख. मग सोळा वचनांची प्रार्थना, आणि तिचा आरंभच "करार पाळणाऱ्या व दया करणाऱ्या देवा" असा. पुढे अकराव्या वचनात तो म्हणतो की मोशेच्या नियमशास्त्रात लिहिलेला शाप आमच्यावर ओतला गेला. हा शाप कुठला, ते शोधायला लेवीय २६ उघडावंच लागतं. तिथे अटी स्वच्छ आहेत : करार मोडलात तर सातपट शिक्षा (हे चार वेळा सांगितलंय), तुम्ही देशाबाहेर जाल, आणि तुम्ही न दिलेले शब्बाथ जमीन ओसाड पडून भोगून घेईल. शेवटी मात्र एक दार उघडं ठेवलंय : त्यांनी आपला व पूर्वजांचा अधर्म कबूल केला तर मी याकोबाशी, इसहाकाशी, अब्राहामाशी केलेला करार आठवीन. दानीएलची प्रार्थना म्हणजे नेमकी ही कबुली आहे. कराराच्या कलमाला धरून केलेला अर्जच म्हणा ना.

२ इतिहास ३६:२१ मध्येही सत्तर वर्षांचा अर्थ असाच लावला आहे : जमिनीचे शब्बाथ भरून निघेपर्यंत. आता सत्तर आणि सातपट या दोन गोष्टी एकत्र ठेवा. गब्रीएल देवदूत प्रार्थनेचं जे उत्तर आणतो त्यात दुसरं काय आहे? सत्तर सप्तकं, म्हणजे सत्तर गुणिले सात. दानीएलनं सत्तर वर्षांबद्दल विचारलं आणि लेवीय २६च्या सातपटीत त्याला उत्तर मिळालं. शिवाय लेवीय २५ प्रमाणे सात वर्षांची सात सप्तकं, म्हणजे ४९ वर्षं, झाली की योबेल : दास सुटतात, गहाण पडलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाते. ४९० म्हणजे बरोबर दहा योबेल. योबेलचं शिंग फुंकायचं तेही सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी. आणि दानीएल ९:२४ मध्ये सत्तर सप्तकांचा हेतू काय सांगितलाय? अधर्माबद्दल प्रायश्चित्त करणं.

ही माझ्या डोक्यातून निघालेली जुळवाजुळव नव्हे. मृत समुद्राजवळ कुमरानच्या अकराव्या गुहेत १९५६ साली सापडलेल्या गुंडाळ्यांमध्ये मलकीसदेकाबद्दलचा (उत्पत्तीच्या पुस्तकातला याजक-राजा) एक लेख आहे. येशूच्या जन्माआधीच्या काळातला म्हणून तो ओळखला जातो. त्यात दहाव्या योबेलच्या शेवटी येणारं प्रायश्चित्त आणि सुटका यांचं वर्णन आहे, आणि अभिषिक्ताबद्दल (देवानं तेलाचा अभिषेक करून नेमलेला; मशीहा शब्दाचा अर्थ हाच) बोलताना लेखक दानीएलचं नाव घेतो. म्हणजे त्या काळच्या यहुदी वाचकालाही हा आकडा योबेलच्या भाषेत ऐकू येत होता.

"पण काका, तारीख?" हो, येतोच तिकडे.

मोजणी कुठून सुरू करायची हाच पहिला तंटा. यरुशलेम पुन्हा बांधण्याची आज्ञा निघाल्यापासून, असं वचन म्हणतं. उमेदवार बरेच. इ.स.पू. ५३८ची पारसी राजा कोरेशाची आज्ञा. यशया ४४:२८ मध्ये तोच यरुशलेमेविषयी "ती बांधली जाईल" म्हणणारा आहे. पण तिथून ४८३ वर्षं (अभिषिक्तापर्यंत वचन सांगतं ती सात अधिक बासष्ट सप्तकं) मोजली तर इ.स.पू. ५५ येतं, जिथे आपल्या कामाचं काहीच नाही. दुसरा, पारसी राजा अर्तहशश्ताच्या सातव्या वर्षी, इ.स.पू. ४५७च्या सुमारास, एज्रा शास्त्र्याला मिळालेलं पत्र. तिथून ४८३ मोजले, शून्य वर्ष नसतं हे लक्षात ठेवलं, की इ.स. २७. फार आकर्षक, येशूच्या बाप्तिस्म्याच्या जवळ. अडचण एवढीच की एज्रा ७ मधल्या पत्रात मंदिराची सेवा, चांदी, सोनं, गहू, तेल, न्यायाधीश असं सगळं आहे, पण नगर बांधण्याचा हुकूम नाही. तिसरा उमेदवार अर्तहशश्ताचं विसावं वर्ष, इ.स.पू. ४४५, यरुशलेमेला जाऊन तट बांधण्याची नहेम्याला मिळालेली परवानगी. इथे नगराचा तट खरोखर आहे, पण ४८३ वर्षांनी इ.स. ३९ उजाडतं आणि वधस्तंभ मागे राहून जातो.

मग लंडन पोलिसांतले वरिष्ठ अधिकारी सर रॉबर्ट अँडरसन यांनी एकोणिसाव्या शतकात एक तोडगा काढला : वर्ष ३६० दिवसांचं धरायचं. ४८३ गुणिले ३६० म्हणजे १,७३,८८० दिवस. १४ मार्च इ.स.पू. ४४५ ला सुरू करून ते ६ एप्रिल इ.स. ३२ ला, यरुशलेमेतल्या जयोत्सवाच्या प्रवेशाशी पोहोचले. हा आकडा आजही उपदेशांतून घुमतो आणि ऐकणारे थक्क होतात. ३६० दिवसांना आधार काय, तर प्रकटीकरणात ४२ महिने आणि १,२६० दिवस एकाच काळासाठी येतात. ठीक. पण आपण मोजतोय ती सप्तकं जमिनीच्या शब्बाथांची आहेत. पेरणी आणि कापणीची. ३६० दिवसांचं वर्ष धरलं तर चाळीस वर्षांत पेरणीचा महिना पार उलट्या ऋतूत जाऊन पडेल. म्हणूनच तर इस्राएल चांद्र महिने पाळूनही अधूनमधून एक जास्तीचा महिना घालत असे. जे वर्ष कुणी जगलं नाही त्यानं योबेल कसा मोजायचा?

आणि अँडरसन पहिले नव्हेत. तिसऱ्या शतकात ज्यूलियस आफ्रिकानस यांनी अर्तहशश्ताच्या विसाव्या वर्षापासूनच मोजायला घेतलं आणि चांद्र वर्षं धरून ४९० ची ४७५ करून दाखवली. यहुदी परंपरेत, सेदेर ओलाम या कालगणनेत, पहिल्या मंदिराच्या नाशापासून दुसऱ्याच्या नाशापर्यंत ४९० वर्षं बसवली आहेत, सत्तर अधिक ४२०. त्यासाठी पारसी राजांचा काळ खूपच आखडून घ्यावा लागला, कारण इतिहासाप्रमाणे इ.स.पू. ५८६ ते इ.स. ७० हे अंतर ६५५ वर्षांचं आहे. जेरोम यांनी ४०७ साली दानीएलवर भाष्य लिहिलं तेव्हा या वचनांवर आधीच्या पंडितांची मतं एकामागून एक मांडली, आणि निवाडा वाचकावर सोडला. एवढा भांडखोर माणूस, पण इथे हात आवरता घेतला!

मुळात यिर्मयाची सत्तर वर्षं तरी एकाच प्रकारे मोजता येतात का? इ.स.पू. ६०५, नबुखद्नेस्सराची पहिली स्वारी, तिथून बाबेल पडलं त्या ५३९ पर्यंत ६६ वर्षं. मंदिर पडलं ५८६ला, नवं पूर्ण झालं ५१६च्या सुमारास. हे बरोबर सत्तर. पण दानीएल ही प्रार्थना करतोय ती या दुसऱ्या मोजणीच्या कितीतरी आधी. आणि बंदिवान परत आल्यावरही, इ.स.पू. ५१९मध्ये, जखऱ्या १:१२ मधला देवदूत अजून विचारतोय : या सत्तर वर्षांपासून ज्यांच्यावर तू रुष्ट आहेस त्या यरुशलेमेवर दया करायला किती उशीर? पवित्र शास्त्राच्या आतच एक आकडा दोन-तीन ठिकाणांहून मोजला जातोय आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

आता ते शेवटचं सप्तक. आजकाल सर्वाधिक ऐकू येणारी मांडणी अशी : ६९ सप्तकं येशूपर्यंत संपली, घड्याळ थांबलं, मंडळीचा (चर्चचा) काळ मध्येच सुरू झाला, आणि शेवटचं सप्तक अजून यायचं आहे, ख्रिस्तविरोधी इस्राएलशी सात वर्षांचा करार करील तेव्हा ते सुरू होईल. शेवटचं सप्तक जगाच्या अंतापाशी नेऊन ठेवण्याची कल्पना तिसऱ्या शतकात रोमच्या हिप्पोलितस यांच्याकडेही आहे, पण तिला आजचं रूप आलं ते जॉन नेल्सन डार्बींच्या शिकवणीतून आणि १९०९च्या स्कोफील्ड संदर्भ बायबलातून. माझ्या धंद्यात तेरीज जुळली नाही की नवखा कारकून फरकाची रक्कम अनामत खात्यात टाकून मोकळा व्हायचा. दोन हजार वर्षांची ही फट पाहिली की मला ते खातं आठवतं. सत्तर सप्तकं "ठरवली आहेत" असं गब्रीएल सांगतो. ६९ नंतर मोजणी थांबेल, असं सांगत नाही.

त्याच्या उलट टोकाची, जुनी आणि आदरणीय मांडणी : "तो" म्हणजे स्वतः मशीहा, येशू. त्यानं पुष्कळांसाठी करार पक्का केला (मार्क १४:२४, "पुष्कळांसाठी ओतले जाणारे कराराचे रक्त"), साडेतीन वर्षांच्या सेवेनंतर मरून त्यानं यज्ञ संपवले. हे ऐकायला इतकं सुंदर आहे की त्यावर शंका घेणं जिवावर येतं. पण ती साडेतीन वर्षं शुभवर्तमानांतून निघत नाहीत. वर्षातून एकदा येणारा वल्हांडणाचा सण योहान तीनदाच नोंदवतो (अध्याय २, ६ आणि ११ मध्ये). चौथा धरावा लागतो, आणि तो बहुधा दानीएलमुळेच धरला जातो. दुसरं, सव्विसाव्या वचनात शेवटचा उल्लेख "पुढे येणाऱ्या अधिपती"चा आहे. "तो" त्यालाच लागतो. तिसरं, हाच माणूस पुढल्या ओळीत ओसाडी आणणाऱ्या अमंगलाशी जोडलेला आहे.

या अमंगलाचा शोध घ्यायला दानीएलच्या पुस्तकाबाहेर जायची गरजच नाही. ११:३१ आणि १२:११ मध्ये तेच शब्द, नित्याचा यज्ञ बंद पाडण्यासकट. अकराव्या अध्यायात "करार" शब्द किती वेळा येतो पाहा : "कराराचा अधिपती" मोडून टाकला जातो (२२), राजाचं मन "पवित्र कराराच्या" विरुद्ध जातं (२८), पवित्र करार सोडणाऱ्यांकडे तो लक्ष देतो (३०), कराराविरुद्ध वागणाऱ्यांना तो गोड बोलून भ्रष्ट करतो (३२). हा राजा म्हणजे सिरियावर राज्य करणाऱ्या ग्रीक सेल्युकी घराण्यातला चौथा अंतियोख, यावर जवळजवळ सगळ्यांचं एकमत आहे. फट मानणाऱ्यांचंही.

आता मक्काबींचं पहिलं पुस्तक उघडा. ज्यांच्या बायबलात ते नाही त्यांनी इतिहास म्हणून वाचावं, बिघडत काही नाही. पहिल्याच अध्यायात इस्राएलातले काही नियमभ्रष्ट लोक पुष्कळांची मनं वळवतात : चला, आसपासच्या राष्ट्रांशी करार करू, त्यांच्यापासून वेगळे झालो तेव्हापासूनच आपल्यावर संकटं आली. ते यरुशलेमेत ग्रीक पद्धतीचा आखाडा बांधतात, सुंतेच्या खुणा झाकतात आणि पवित्र करार सोडतात. इ.स.पू. १७१च्या सुमारास प्रमुख याजक ओनिया, म्हणजे एक अभिषिक्त, मारला जातो (दानीएल ९:२६ मध्येही बासष्ट सप्तकांनंतर अभिषिक्त मारला जातो). कारस्थान मेनेलाउसचं, ज्यानं जास्त बोली लावून प्रमुख याजकपद विकत घेतलं होतं. इ.स.पू. १६७मध्ये यज्ञ बंद होतात आणि वेदीवर दुसरी वेदी चढते. पुस्तक तिला दानीएलच्याच शब्दांत ओसाडीचं अमंगल म्हणतं. १६४मध्ये मंदिर शुद्ध होतं. १७१ ते १६४. एक सप्तक, आणि साधारण मध्यावर यज्ञ बंद. याच शुद्धीकरणाच्या सणाला योहान १०:२२ मध्ये येशू मंदिरात फिरताना दिसतो.

म्हणून मी म्हणतो, हा तह बाहेरच्या दोन राजांतला नव्हता. आतल्यांनी आतला करार विकला. दानीएल ज्या पापाची कबुली देऊन प्रार्थना संपवतो, तेच पाप पुन्हा होणार, असं गब्रीएल त्याला सांगतोय. केवढं कडू उत्तर! बंदिवास संपतोय म्हणून आनंद करायचा, तर पुढचा करारभंग आधीच समोर ठेवला जातो.

लंगडी बाजूही आहे माझ्या वाचनाला, लपवत नाही. बासष्ट सप्तकं म्हणजे ४३४ वर्षं, ती ५३८ नंतर लावली तर इ.स.पू. १०४ येतं, ओनियाच्या बऱ्याच नंतर. (६०५ पासून मोजली तर १७१ वर नेमकी बसतात, पण मग सात सप्तकं आणि बासष्ट सप्तकं एकमेकांवर चढतात. मोह होतो, म्हणून मी त्यापासून लांब राहतो.) पहिली सात मात्र नीट बसतात : नगर पडल्यापासून (त्यासाठी ५८६ऐवजी ५८७ही धरतात) ५३८पर्यंत ४९ वर्षं, एक योबेल, आणि शेवटी कोरेश, ज्याला यशया ४५:१ अभिषिक्तच म्हणतो. याहून मोठी अडचण चोविसावं वचन आहे. पापाचा अंत, सर्वकाळचं नीतिमत्त्व. यातलं काही १६४मध्ये आलं नाही. मंदिर शुद्ध झालं आणि थोड्याच पिढ्यांत त्याच मक्काबींचे वंशज प्रमुख याजकपदासाठी आपसात भांडू लागले.

इथे मला येशूचं वाचन निर्णायक वाटतं. मार्क १३:१४ मध्ये तो अंतियोखानंतर दोनशे वर्षांनी त्याच अमंगलाकडे अजून यायची गोष्ट म्हणून बोट दाखवतो. लूक २१:२० मध्ये त्याच जागी सैन्यानं वेढलेलं यरुशलेम आहे. इ.स. ६६ला युद्ध पेटलं, ७०च्या उन्हाळ्यात नित्याचा यज्ञ थांबल्याची नोंद यहुदी इतिहासकार योसेफस करतो, आणि रोमी सेनापती तीताच्या सैन्यानं मंदिर जाळलं. साचा एक, घटना दोन. आणि योबेलची बाजू? नासरेथच्या सभास्थानात येशू यशया ६१ वाचतो, बंदिवानांची सुटका, परमेश्वराच्या प्रसादाचं वर्ष, आणि म्हणतो : आज हे पूर्ण झालं. चोविसाव्या वचनाचं दार मी तिथे उघडलेलं पाहतो.

फट मानणाऱ्यांचा सगळ्यात बळकट युक्तिवाद याच प्रसंगातून येतो, आणि त्या तरुणानंही तोच पुढे केला. येशू यशयाचं वाक्य अर्ध्यावर तोडतो. "प्रसादाचं वर्ष" वाचतो, "आणि आमच्या देवाच्या सूडाचा दिवस" हे वाचत नाही, गुंडाळी बंद करतो. म्हणजे दोन ओळींमध्ये दोन हजार वर्षं मावू शकतात, नाही का? मावली असती, जर लूकनं पुढे काही लिहिलं नसतं. पण एकविसाव्या अध्यायात, वेढलेल्या यरुशलेमेबद्दल बोलताना, बाविसाव्या वचनात तो नेमके ते उरलेले शब्द आणतो : हे सूडाचे दिवस आहेत, लिहिलेलं सगळं पूर्ण व्हावं म्हणून. अर्ध्यावर सोडलेली ओळ लूकच्या शुभवर्तमानातच येशू पुरी करतो, आणि तिथून नगर पडेपर्यंतचं अंतर जेमतेम चाळीस वर्षांचं आहे.